रात्रीचा तिसरा प्रहर

आमचे घर राजवाड्याच्या मागील बाजूस, सराफ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. माझा जन्म याच घरातला. शाळा, महाविद्यालय आणि बँकेतील छत्तीस वर्षांची नोकरी, सारे या घरातून ये-जा करीतच झाले. असे असूनही रात्री दोन वाजल्यानंतर आमची गल्ली कशी असते, हे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत मला ठाऊक नव्हते. झोपेच्या बाबतीत मी श्रीमंत माणूस. दहाला पाठ टेकली की साडेपाचला जाग. मधल्या काळाशी माझा कधी संबंध आला नाही. माझी स्वतःची दोन मुले याच घरात लहानाची मोठी झाली. ती रात्री रडत असत, असे मी ऐकून आहे.

मला रात्र दाखवली ती माझ्या नातीने. लेक बाळंतपणासाठी माहेरी आली आणि कार्तिक सरता सरता तिला मुलगी झाली. वजन दोन किलो आठशे ग्रॅम. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. पाळण्याला ऑइलपेंट लावून झाला होता, डिंकाचे लाडू डब्यात होते, अळीव निवडून ठेवले होते, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून तयार होती. तयारीत उणीव एकच होती. आमच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दिवाळीपूर्वीच झाली होती आणि रात्री चार वेळा उठणे त्यांना शक्य नव्हते. जावई नोकरीच्या गावी. रात्रपाळीला कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. उलट मला वगळूनच चर्चा चालू राहिली. त्या वगळण्याचेच मला काहीसे वाईट वाटले आणि मी म्हणालो, "मी उठेन." सौ. म्हणाल्या, "अहो, तुम्ही? भूकंपानं उठायचे नाहीत तुम्ही." 

पण उठलो. पाजणे आईचे, त्याआधी आणि त्यानंतर जे काही असते ते माझे, अशी वाटणी झाली. बाळ रडले की लंगोट पाहायचा, बदलायचा, बाळ लेकीच्या हाती द्यायचे, तिला कोमट पाणी द्यायचे, पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर उभे धरून ढेकर काढायची, आणि ते झोपले की पाळण्यात ठेवायचे. लिहिताना एका वाक्यात मावते. प्रत्यक्षात यास एक तास लागतो, आणि तो तास संपून अंगावर रजई ओढेपर्यंत पुढच्याची वेळ होऊ लागते.

पूर्वज होळकरांच्या पदरी हिशेबनीस होते आणि मी बँकेत. तेव्हा सवयीने मी दुसऱ्याच दिवशी एक वही केली. वेळ, पाजणे, लंगोट, झोप असे चार रकाने. सौ. हसल्या. लेकीच्या डॉक्टर मात्र ती वही पाहून खूश झाल्या. दूध पुरते की नाही, हा प्रत्येक नव्या आईला पडणारा प्रश्न आमच्याकडेही पडलाच होता. डॉक्टर म्हणाल्या, उत्तर तुमच्या वहीतच आहे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे होते आहे, सहा-सात लंगोट ओले होत आहेत, वजन वाढते आहे. दूध पुरते आहे. नवजात बाळाचे पोट एवढेसे. पहिल्या एक-दोन दिवसांत तर एका वेळी चमचा-दोन चमचे दूधच त्यात मावते. शिवाय आईचे दूध पचायला हलके, दोन-अडीच तासांत पोट पुन्हा रिकामे. मग ते बाळ रात्र आहे म्हणून थांबणार कसे? आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी मला या वयात नवीन होती. दूध तयार करणारे आईच्या शरीरातील संप्रेरक रात्री अधिक स्रवते. रात्रीच्या पाजण्यानेच दुसऱ्या दिवसाच्या दुधाची तरतूद होते. "रात्री एक बाटली द्या, बाळंतिणीला झोप मिळेल," असा सल्ला मी स्वतःच देऊन चुकलो होतो. तो मुकाट्याने मागे घेतला.

तसे मागे घेण्याजोगे पुष्कळ निघाले. घरात राळ्याची उशी होती. माझ्या आईने माझ्या मुलांसाठी शिवलेली; डोके गोल व्हावे म्हणून. ती यंदा कपाटातच राहिली. वर्षाच्या आतील बाळाला उशी नको, पाळण्यात सैल पांघरूण नको, आणि झोपवायचे ते पाठीवरच, असे आता सांगतात. इंग्लंड-अमेरिकेत 1990 नंतरच्या काही वर्षांत आयांना हे सांगण्याची मोहीम निघाली आणि झोपेत अकस्मात दगावणाऱ्या बाळांची संख्या तेथे झपाट्याने खाली आली. मध चाटवायचा नाही, कारण त्यातील जंतुबीजांमुळे लहान बाळाला एक प्रकारची विषबाधा होऊ शकते. बंद खोलीत कोळशाची शेगडी नाही. इंदूरची पौषातील थंडी वाचकांना सांगायला नको, सौ.नी शेगडीसाठी बराच आग्रह धरला. लेकीने दार-खिडकी उघडी ठेवून दिवसा शेक घेण्याची तयारी दाखवली आणि रात्रीची शेगडी बंद झाली. गुटीची सहाण तेवढी वादात राहिली. वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ यांचे वेढे सौ.नी मोजून ठेवले होते. डॉक्टरांचे म्हणणे, सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको. शेवटी सहाण देवघराशेजारी नुसतीच राहिली, आणि सौ. दोन दिवस माझ्याशीही मोजकेच बोलल्या.

हे सारे सांगताना जुन्या बायकांना काही कळत नव्हते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पाचव्या-सहाव्या रात्रीचे उदाहरण घ्या. आपल्या घराघरांत सटवीची पूजा होते. पाटा-वरवंटा मांडतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, रात्रभर दिवा तेवत ठेवतात आणि त्या रात्री कोणीतरी जागे राहतेच. सटवी येऊन बाळाच्या कपाळी भविष्य लिहिते, ही समजूत. मी तिला कवितेपेक्षा अधिक किंमत दिली नव्हती. पण नाळेतून होणारा नवजात बाळाचा धनुर्वात नेमका त्याच सुमारास, पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, डोके वर काढी, आणि किती बाळे त्यात जात! आपल्या देशात तो रोग आटोक्यात आल्याचे जाहीर झाले ते 2015 साली. म्हणजे ज्या रात्री बाळ जाण्याचे भय सर्वांत अधिक, त्याच रात्री घर जागे ठेवण्याची रीत त्या बायकांनी घालून दिली होती. कारण त्यांना ठाऊक नव्हते. धोका मात्र पक्का ठाऊक होता.

हळूहळू मला गल्लीची रात्र कळू लागली. आठ-नऊला सोन्याचांदीच्या दुकानांची शटरे खाली येतात आणि त्यांच्याच पायऱ्यांपुढे गराडू, भुट्ट्याचा कीस, मालपुव्यांच्या कढया मांडल्या जातात, हे तर आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. पण दोनच्या सुमारास त्या कढया घासून पालथ्या घालण्याचा आवाज मी प्रथमच ऐकला. मग थोडा वेळ अगदी सामसूम. त्यानंतर खराट्यांचा आवाज सुरू होतो. 2017 पासून ओळीने कित्येक वर्षे आपले शहर देशात सर्वांत स्वच्छ ठरले, याचा अभिमान मीही मिरवतो. पण ती स्वच्छता रात्री, आपण झोपलेलो असताना होते, हे खिडकीशी बाळ घेऊन उभे राहिल्यावर समजले. झाडणाऱ्यांत बायाही असत. डोक्याला मफलर बांधलेली एक बाई दिव्याखाली क्षणभर थांबे, वर पाही आणि पुन्हा झाडू लागे. तिलाही घरी लहान मूल असेल का, ते या वेळी कोणाजवळ असेल, असे विचार दिवसा मला कधी सुचले नसते.

बाळाच्या झोपेचाही थोडा अभ्यास झाला. नवजात बाळ चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपते, असे म्हणतात. माझ्या वहीची बेरीजही तेवढीच येई. मात्र ती झोप चिल्लरीत मिळते, बंदी नोट कधी हाती येत नाही. दिवस आणि रात्र हा भेदच सुरुवातीला त्याला नसतो. शरीरातले ते घड्याळ दोन-तीन महिन्यांनी चालू लागते. तोवर आपण मदत करायची ती एवढीच, की दिवसा घरात भरपूर उजेड आणि नेहमीची वर्दळ असू द्यायची, आणि रात्री झीरोचा दिवा, बोलणे नाही, खेळवणे नाही. आणखी एक गोष्ट मी अनुभवाने शिकलो. बाळाची निम्मी झोप चुळबुळीची असते. ते कण्हते, तोंड वेंगाडते, हात झाडते, आणि पुन्हा शांत होते. पहिले पंधरा दिवस मी प्रत्येक चुळबुळीला धावलो आणि झोपलेल्या बाळाला उचलून जागे केले. मग मनात वीस आकडे मोजून मगच उठायचे ठरवले. आठदहा आकड्यांतच कित्येकदा काम भागे.

येथवर सारे बरे चालले होते. सहावा आठवडा लागला आणि नातीने रडण्याचा सूर बदलला. संध्याकाळी सातला सुरू होई ते अकरा-बारापर्यंत. पोट भरलेले, लंगोट कोरडा, अंग गरम नाही. तरी मुठी वळून, लालबुंद होऊन रडणे. डॉक्टरांनी तपासले. सहाव्या आठवड्याच्या आसपास बऱ्याच बाळांचे रडणे असे शिगेला पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते, काही औषध नको, असे त्यांनी सांगितले. सांगणे सोपे होते. त्यात मध्यरात्रीनंतरची पाजणी होतीच. लेकीच्या डोळ्यांखाली काळे आले. ती कमी बोलू लागली. एकदा तर तिने ताटावर बसल्या बसल्या, काही कारण नसताना, रडायला सुरुवात केली. मला बाळाच्या रडण्यापेक्षा त्या रडण्याची धास्ती वाटली.

त्याच सुमारास गल्लीतील एका सद्गृहस्थांनी मला जिन्यात थांबवले. त्यांच्याकडे नातवाच्या वेळी असेच झाले होते. सर्दीवरचे एक साधे पातळ औषध, अर्धा ड्रॉपर दिले की बाळ सहा तास हूं की चूं करत नाही. "घरच्या बायकांना सांगूच नका, उगाच घाबरतात," असेही ते म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. मी संध्याकाळी दुकानात गेलो आणि ती बाटली घेऊन आलो. सदऱ्याच्या खिशात ठेवली. लेकीला सांगितले नाही, सौ.ना सांगितले नाही. लेकीला एक रात्र झोप मिळावी, एवढेच माझ्या मनात होते. निदान मी स्वतःला असे सांगितले. खरे पाहता झोप मलाही हवी होती.

त्या रात्री पावणेतीनला पाजणे झाले. लेक बसल्या जागी पेंगत होती. मी बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत आलो. ते खांद्यावर मुसमुसत होते, झोपत नव्हते. मी खिशातून बाटली काढली. अर्धा ड्रॉपर म्हणाले होते की पाऊण, मला आठवेना. बाटलीवर बारीक अक्षरांत काही छापले होते, ते झीरोच्या दिव्यात दिसेना. चष्मा आतल्या खोलीत, उशाशी. तो आणायला जावे तर लेक जागी होईल. छत्तीस वर्षे मी वाचल्याशिवाय कोणत्या कागदावर सही केली नाही. ती सवय त्या वेळी आड आली, एवढेच. शहाणपणाचा त्यात भाग नव्हता. बाटली पुन्हा खिशात गेली, आणि मी खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालू लागलो. चारच्या सुमारास बाळ झोपले. ते पाळण्यात ठेवल्यावर माझ्या हाताने एक गोष्ट आपोआप केली. उजव्या हाताची तर्जनी मी त्याच्या नाकाखाली धरली आणि श्वास लागतो का, ते पाहिले.

ती माझ्या आईची लकब होती. घरात कोणाचेही तान्हे मूल असो, झोपले की आई तेथे जाऊन त्याच्या नाकाशी बोट धरी. एका रात्रीत चार-पाच वेळा. माझ्या मुलांच्या वेळी आम्ही यावरून तिची थट्टाही करीत असू. ती हसत नसे, बोलतही नसे. बोट धरून, श्वास लागला की परत आपल्या अंथरुणावर जाई.

सकाळी चष्मा लावून बाटलीवरचा मजकूर वाचला. दोन वर्षांखालील मुलांस देऊ नये, असे त्यावर स्पष्ट छापलेले होते. माझी नात त्या दिवशी त्रेचाळीस दिवसांची होती.

दुपारी मी देवासला आत्याला फोन केला. आत्या ब्याण्णव वर्षांची आहे. ऐकू कमी येते, पण स्मरण लख्ख आहे. माझ्या आधी घरात एक मुलगी झाली होती आणि ती तीन महिन्यांची असताना "झोपेतच गेली," एवढे मला माहीत होते. यापलीकडे घरात कधी कोणी बोलले नाही. मी आत्याला आईच्या त्या बोटाविषयी विचारले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "इतकी वर्षं कुणी विचारलं नाही रे. तू विचारलंस, तर सांगते."

ती गोष्ट 1952 सालची. आई तेव्हा एकोणीस वर्षांची. घरात पंधरा माणसे. पहाटे चारला जाते ओढायचे, मग पाणी, मग स्वयंपाक. मुलगी रात्री फार रडे. माडीवर सासरे आणि मोठे दीर झोपत. त्यांची झोपमोड होई आणि सकाळी त्याबद्दल ऐकून घ्यावे लागे. मुलाला झोप लागावी म्हणून मोहरीएवढी अफू दुधात उगाळून चाटवायची, हा त्या काळी आमच्या मुलखात घरोघरचा उपाय होता. आजी ती रोज संध्याकाळी चाटवीत असे. त्या रात्री मुलगी तरीही रडत राहिली. आईने मध्यरात्री उठून डबीतून आणखी एक कण काढला. "संध्याकाळी आईनं चाटवली होती, हे वहिनीला माहीत नव्हतं," आत्या म्हणाली. "वहिनीनं रात्री चाटवली, हे आईला माहीत नव्हतं. सकाळी जात्यावरून उठून वहिनी दूध पाजायला गेली. एवढ्या वेळ पोर उठली नाही, म्हणून खुशीत गेली."

वाचकहो, मी त्यांपैकी कोणालाही दोष देऊ शकत नाही. माळवा ही अफूची भूमी. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जाई. तिच्या पेट्या इंग्रजांच्या काट्यावर येथे इंदुरात तोलल्या जात आणि त्यांवर कर वसूल होई. या व्यापारावर पेढ्या उभ्या राहिल्या. 1907 च्या करारानंतर चीनकडील निर्यात हळूहळू संपली, पण घरातली डबी राहिली. परवान्याच्या दुकानांतून होणारी अफूची विक्री 1959 साली बंद झाली. आजही मंदसौर, नीमच, रतलाम या भागांत सरकारी परवान्याने, औषधांसाठी, तिची शेती होते. माघ-फाल्गुनात ती पांढरी फुले रस्त्यावरून दिसतात. मुलांना अफू देण्याची चाल काही केवळ माळव्याची नव्हती. मुंबईकडे "बाळगोळी" म्हणून तीच विकली जाई. 1893 साली नेमलेल्या अफू आयोगापुढेही या चालीविषयी साक्षी झाल्या होत्या. गिरणीत जाणारी, शेतात खुरपणारी, मोठ्या घरात राबणारी आई, सगळ्यांची अडचण एकच होती: रात्री मूल जागले तर सकाळी तिला उठता येणार नाही, आणि न उठण्याची मुभा तिला नव्हती. अफूने मूल गुंगते, भूक लागली तरी उठत नाही. मात्रा थोडी वाढली की श्वास मंदावतो आणि थांबतो. औषधाच्या दुकानातून मी आणलेली बाटली वेगळ्या द्रव्याची होती, पण तिचे काम तेच होते. आणि ती देण्याची माझी रीतही तीच होती: घरात कोणाला न सांगता.

त्या संध्याकाळी लेकीला मी सारे सांगितले. आधी बाटलीचे, मग आत्याचे. बाटली तिच्या समोर ठेवली. ती एकदम काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही दिलं असतंत आणि मला सांगितलं नसतंत, तर तिला काही झालं असतं तेव्हा मी डॉक्टरांना काय सांगितलं असतं?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. थोड्या वेळाने तीच पुढे म्हणाली, "मलाही तुम्हांला एक सांगायचंय. परवा तुम्ही खाली गेला होतात ना, तेव्हा ती रडत होती आणि मला ते सहनच होईना. मी तिला पाळण्यात ठेवलं, दार ओढून घेतलं आणि गच्चीत जाऊन बसले. दहा मिनिटं. मी वाईट आई आहे का हो?" 

मी तिला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी तिचे सारे ऐकून घेतले. बाळ पाळण्यात पाठीवर, सुरक्षित ठेवून दहा मिनिटे दूर होणे हा गुन्हा नाही. उलट सहनशक्ती संपते आहे असे वाटले तर नेमके तेच करावे, बाळाला गदगदा हलवू मात्र कधीही नये, असे त्या म्हणाल्या. बाळंतपणानंतरची उदासी दोन आठवड्यांपलीकडे रेंगाळली तर ती अंगावर काढायची नसते, हेही त्यांनी समजावले आणि तिच्यासाठी पुढे महिनाभर दर आठवड्याची वेळ ठरवून दिली. येताना मी विचार करत होतो. माझ्या आईला गच्चीत जाऊन दहा मिनिटे बसता आले असते, आणि ते तिला कोणापाशी बोलता आले असते तर?

घरी आल्यावर वहीत मी पाचवा रकाना पाडला: "मुखी दिलेले." बाळाच्या तोंडात जे काही जाईल ते, कोणी दिले, किती वाजता, हे लिहिल्याशिवाय काहीही जाणार नाही, असा नियम केला. सौ.नी तो वाचला. मग त्यांनी देवघराशेजारची सहाण उचलली, धुऊन फडताळात ठेवली आणि म्हणाल्या, "संध्याकाळचे सात ते अकरा मी घेते. गुडघा दुखतो, मांडी नाही दुखत." त्या दिवसापासून खुर्चीत बसून, नातीला पालथे मांडीवर घेऊन, तिच्या पाठीवर थापटत त्या चार तास काढू लागल्या. त्या वेळात लेक सलग झोपे. रडणे थांबले नाही. रडण्याला आता तीन माणसे झाली, एवढाच फरक पडला. पण तो पुरला.

पुढचे थोडक्यात सांगता येते, कारण डॉक्टरांनी सांगितले होते तसेच ते घडत गेले. दहाव्या आठवड्यात संध्याकाळचे रडणे कमी झाले. बारावा आठवडा संपला तेव्हा वहीत पहिल्यांदा सलग पाच तासांची झोप लिहिली गेली. त्या रात्री सहाही वेळा उठून मी नाकाशी बोट धरले, हे वहीत लिहिलेले नाही. रंगपंचमीला राजवाड्यावरून गेर निघाली. ढोल, पाण्याच्या तोफा, हजारो माणसांचा जल्लोष. आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरत होती आणि नात पाळण्यात गाढ झोपली होती. रात्री मात्र, सारे सामसूम झाल्यावर, बरोबर तीनला ती उठली.

गुढीपाडवा झाल्यावर जावई न्यायला आले. पाळणा उतरवला, दुपटी बांधली. निघताना लेकीने वही मागितली. मी तिला तिची प्रत काढून दिली. मूळ वही माझ्याकडे ठेवली. बँकेतला माणूस मूळ कागद देत नाही, असे म्हणून ती हसली. तिने नेलेल्या प्रतीत नियमाचे पान सर्वांत वर आहे. तिच्याकडे आता तो नियम सासूबाई, जावई आणि सांभाळायला येणाऱ्या बाई, सगळे पाळतात, असे तिने परवा फोनवर सांगितले.

मला अजून पावणेतीनला जाग येते. उठून खिडकीशी जातो. कढया घासून झालेल्या असतात, खराटे चालू असतात. मफलरवाली बाई एकदा वर पाहते. आत जाऊन मी पाणी पितो आणि कधीकधी ती वही उघडतो. पहिले पान मी पूर्वी कोरे सोडले होते, हिशेबाच्या वहीत सोडतात तसे. आत्याने त्या दिवशी फोन ठेवण्यापूर्वी माझ्या मोठ्या बहिणीचे नाव सांगितले. बारसे झाले होते तिचे, पण बाहत्तर वर्षांत ते नाव घरात उच्चारले गेले नव्हते. ते त्या पानावर मी लिहिले आहे. त्याखाली तिच्या जन्माचे साल, आणि त्याखाली आईचे नाव.